देवीच्या लेकराचा हात

“ठेव! आधी तो खाली ठेव!”

सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या, की त्या ओरडण्यानंच तो माझ्या हातून सुटायचा. पण मी बरण्यांच्या दुकानात वाढलेली मुलगी. चिनी मातीची वस्तू हातात असताना कुणी कितीही ओरडलं तरी बोटं सैल सोडायची नाहीत, हे माझ्या बापानं मला पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकवलं होतं. मी तो अलगद लाल कापडावर ठेवला आणि मग सवडीनं दचकले.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या महालक्ष्म्या होत्या. अमरावतीचं उमाळकरांचं घर, आवाहनाचा आदला दिवस. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली होती आणि मी व सासूबाई सोवळ्यानं एकेक वस्तू बाहेर काढत होतो. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे निघाले, नथी निघाल्या, मग देवीचं लेकरू निघालं. आमच्याकडे विदर्भात महालक्ष्म्या एकट्या येत नाहीत, लेकरं घेऊन येतात. बहुतेक घरी एक मुलगा आणि एक मुलगी असते. उमाळकरांकडे मात्र नुसता मुलगा होता.

तो होता वीतभर उंचीचा, पण त्याचा घेर माझ्या ओंजळीत मावत नव्हता. कारण या घरची रीत अशी, की लेकराला दरवर्षी नवं झबलं घालायचं ते जुन्याच्या वरूनच. देवाच्या लेकराला उघडं करायचं नाही. झबल्यावर झबलं चढत जाऊन पोराला अशी ढेरी सुटली होती, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या ढेरीवर बोट टेकवून म्हणत, “सुखात आहे हो उमाळकरांकडे!” आणि सासूबाईंना ते फार आवडायचं.

पेटीच्या तळाशी लाल कापडात गुंडाळलेला तो हात होता. माझ्या अंगठ्याएवढा, कोपरापासून बोटांपर्यंतचा, चिनी मातीचा. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवानं त्याचा मूळ रंग पार बुजला होता.

“हा कुणाचा हात?” मी विचारलं.

सासूबाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. “देवीच्या मुलीचा. मुलगी होती आपल्याकडे. वन्संनी लहानपणी खेळायला काढून फोडली. एवढा हातच उरला पेटीत. तेव्हापासून त्यालाच मुलगी समजून पुजतो आपण. आता कळलं ना, ह्या तीन दिवसांत त्यांना उंबऱ्याच्या आत का येऊ देत नाही ते?”

वन्सं म्हणजे चंपूआत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सात-आठ वर्षांची असताना तिच्यावर हा आळ आला. पुढे कारंज्याला लग्न होऊन गेली, मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली, आणि चंपूआत्या माहेरी परतली. देवीचं लेकरू मारलं म्हणून हिला लेकरू नाही, असा सरळ हिशेब घरानं केव्हाच मांडला होता. वाईट याचं वाटायचं, की तो तिलाही पटला होता. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती मागच्या ओसरीवर बसायची. सोळा भाज्या ती निवडायची, पुरणाची डाळ तीच वाटायची, आणि देवीचं तोंड तेवढं तिनं पाहायचं नाही. माहेरवाशीण म्हणून देवीला घरात घ्यायचं आणि घरच्या माहेरवाशिणीला ओसरीवर बसवायचं, यात कुणालाच काही विचित्र दिसत नव्हतं.

मला चौथा महिना लागला होता. सकाळी न्हाणीत मला कोरड्या उलट्या व्हायच्या तेव्हा पाठीवरून हात फिरवायला चंपूआत्या असायची. आवळ्याची सुपारी पदराच्या गाठीत बांधून हिंडायची माझ्यासाठी. एक दिवस सासूबाईंनी ते पाहिलं. आणि त्याच आठवड्यात माहूरच्या एका मठीत आत्याची राहण्याची सोय लावून टाकली. पौर्णिमा झाली की मामंजींनी तिला नेऊन पोचवायचं, आणि ते कायमचं.

“बाळ यायच्या आत गेलेलं बरं,” सासूबाई मला म्हणाल्या होत्या. “त्यांचा हात नको लागायला. माझा राग नाही गं त्यांच्यावर. पण तुझ्या पोटातल्याला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?”

त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर भांडणं सोपं गेलं असतं. त्या मनापासून घाबरलेल्या होत्या, आणि त्यांची सगळी भीती त्या अंगठ्याएवढ्या हातात होती.

आणि तो हात मला काही पटत नव्हता. लाल कापडावर ठेवता ठेवता माझ्या बोटाला त्याच्या कडेनं गेलेली एक बारीक उभी रेघ लागली होती. ती रेघ मी ओळखत होते. आमच्या दुकानातल्या प्रत्येक स्वस्त कपाच्या कानाला ती असायची. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली रेघ.

त्याच दुपारी माझे बाबा नागपूरहून आले. लेकीच्या पहिल्या महालक्ष्म्या म्हणून देवीला साडी, फळांची करंडी, माझ्यासाठी आईनं दिलेले अनारसे. इतवारीत त्यांचं बरण्या आणि कपबश्यांचं दुकान होतं. सासूबाई जेवणानंतर जरा आडव्या झाल्या तशी मी तो हात पदरात घेतला आणि बाबांना मागच्या ओसरीवर नेलं. सोवळं मोडलं ते मोडलंच. चंपूआत्या पलीकडे विळीवर भोपळा चिरत बसली होती. तिनं मला पाहिलं, पदराकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

“बाबा, हे काय आहे ते सांगा.”

बाबांनी चष्मा पुसला. हात उलटा केला, सुलटा केला, कोपराकडची बाजू उजेडात धरली.

“शिक्का नाही,” ते म्हणाले. “शिक्का असता तर नुसतं वाचून झालं असतं. नसला की वस्तूलाच विचारावं लागतं. पाणी आण वाटीत.”

मी पाणी आणलं. कापसाच्या बोळ्यानं त्यांनी कोपराकडचा भाग हळूहळू पुसला. कुंकू सुटत गेलं आणि खालून दुधासारखी पांढरी, चकचकीत माती वर आली. बाबांनी ती दातांवर हलकेच वाजवली, मग तुटका वाटणारा काठ जिभेला लावला.

“अहो बाबा! पूजेचा आहे तो!”

“मग काय झालं? जीभ चिकटते बघ इथं. म्हणजे इथं चकाकी दिलेलीच नाही. का दिली नाही? कारण हा काठ दिसायचाच नव्हता. हा तुटलेला नाही शरू, असाच बनवलेला आहे. आणि हे बघ.”

काठाच्या जरा खाली सगळीकडून फिरलेली एक खाच होती. कुंकवानं ती इतकी भरली होती, की मला दिसलीच नव्हती. बाबांनी माझ्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला आणि खाच कोरायला सुरुवात केली. कुंकवाची खपली निघाली, आणि तिच्यासोबत दोऱ्याचा एक कुजका तुकडा आणि तिळाएवढी गुलाबी चिंधी.

“झालं,” बाबा म्हणाले. “कापडी अंगाची बाहुली. डोकं, हात, पाय चिनी मातीचे, बाकी अंग कापडाचं. बाहीच्या टोकात हा हात घालायचा आणि खाचेवरून दोरा करकचून बांधायचा. आमच्या वडिलांच्या काळात विलायती मालात खोक्यांनी यायच्या असल्या. आत लाकडाचा भुसा भरलेला. जपानी की जर्मन, ते शिक्क्याशिवाय मी सांगणार नाही. पण देवाची नाही, एवढं नक्की.”

भोपळ्याची फोड विळीवर अर्धीच राहिली होती.

“भुसा?” चंपूआत्या म्हणाली. ती आमच्याकडे पाहत नव्हती, ओसरीच्या फरशीकडे पाहत होती. “भुसा सांडला होता बाप्पा. इथंच. पिवळा, बारीक. मी तो फुंकत बसले होते आणि रडत होते. आईनं मला उचललं.”

“आत्याबाई, तुमची बाहुली होती?”

“वडिलांनी आणली होती मुंबईहून. गुलाबी झग्याची. पण ती फुटली ते वेगळं आणि हे वेगळं, असंच वाटत आलं मला. नाही, वेगळंही नाही वाटलं. आई गेली त्याच हिवाळ्यात. मग पुढच्या भाद्रपदात काकूनं पेटी उघडली, मुलगी नाही, आत हा हात. म्हणाली, तूच फोडलीस ना? मला फोडल्याचं आठवत होतं. भुसा आठवत होता. मी हो म्हटलं.”

“देवीच्या लेकरात भुसा कशाला असेल, आत्याबाई?”

ओल्या हातांनी पदराचं टोक धरून ती बसून राहिली. मग एकदम विळीकडे वळली. “जाऊ दे पोरी. जन्म गेला आता. माहूरला बरं वाटेल मला. तिथं कोणाला माहीत नाही.”

“मी नाही जाऊ देत,” मी म्हटलं.

बाबा मला अंगणात घेऊन गेले आणि दबक्या आवाजात रागावले. “मी मुलीचा बाप आहे. मुलीच्या सासरच्या देवाला खोटं ठरवायला आलो नाही. तुझे तीन दिवस होऊ दे नीट. गप्प राहा.”

“तुम्हीच म्हणालात ना, वस्तूलाच विचारावं लागतं म्हणून?”

“वस्तूला विचार. सासूला नको विचारू.”

मी मान हलवली. माझे बाबा मला चांगले ओळखत होते, त्यामुळे त्यांना त्या मान हलवण्याचा काही भरवसा वाटला नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले, आणि जाताना चंपूआत्याला वाकून नमस्कार करून गेले. उमाळकरांच्या घरात तिला असा नमस्कार कुणी केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आवाहन. दारापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढून झाली होती. तुळशीपाशी पाटावर मुखवटे ठेवलेले. दोघी सवाष्णींनी ते हातात घेऊन पावलांवरून आत यायचं. एक सासूबाई, दुसरी मी. देवीपुढे चालेल अशी तिसरी सवाष्ण घरात नव्हती. ह्यांना सख्खी बहीण नाही आणि जाऊ मला अजून यायची होती. मामंजी ताट आणि पळी घेऊन वाजवायला तयार उभे होते.

“घे,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मला आधी लेकराला आंघोळ घालायची आहे.”

“काय?”

मी तो हात पुढे केला. अर्धा लाल, अर्धा पांढरा. साच्याची रेघ दाखवली, खाच दाखवली, पुडीत ठेवलेला दोरा आणि चिंधी दाखवली. बाबा काय म्हणाले ते सांगितलं, ओसरीवरच्या भुशाचं सांगितलं. मी सगळं शेवटपर्यंत सांगितलं.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग त्यांना युक्तिवाद सुचला, तशा त्या जरा सावरल्या. “असेल साच्याची. देवीची मुलगीच तशी होती कशावरून नाही? आणली असेल कोणी पूर्वजांनी विलायती बाहुली आणि बसवली असेल.”

“म्हणजे मुलगी कापडी अंगाची आणि चिनी मातीच्या हातांची. मग मुलगाही तसाच असेल ना? जोडीनंच आणली असतील.”

“असेलच.”

“मग बघू या. त्याला चिनी मातीचे हात असले, तर मी पुन्हा ह्यावर एक अक्षर बोलणार नाही. आत्याबाई माहूरला जातील, मीच त्यांची वळकटी बांधीन.”

“आणि नसले तर?”

“तर हा हात देवीच्या लेकराचा नाही.”

“देवाला उघडं करायचं नाही, शरयू. ह्यांच्या काकूंनी मला बजावून सांगितलंय, सासूच्या जागी त्याच होत्या मला.”

“इतकी वर्षं एका लेकराला आंघोळ नाही, आई. अंगावरचं ओलं-सुकं बदललेलं नाही. तुम्ही तुमच्या मुलाला असं ठेवलं असतं? देवी आज घरी येते आहे. लेकरू पाहून ती काय म्हणेल?”

हे मी आधी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं. सासूबाई मुलाच्या बाबतीत अशा होत्या, की माझा नवरा पुलगावला नोकरीला लागल्यावरही त्याचे बनियन त्या स्वतः धुवायच्या.

“मुहूर्त टळून राहिला,” मामंजी म्हणाले.

“मी मुखवटा उचलणार नाही,” मी म्हटलं. “लेकराला आंघोळ घातल्याशिवाय नाही.”

मला वाटलं, आता थोबाडीत बसते. मामंजींनी ताट-पळी हळूच पाटावर ठेवली. आयुष्यात बायकोसमोर फारसं न बोललेला माणूस, पण त्या दिवशी बोलला. “घालू दे तिला आंघोळ. मीही कधी पाहिलं नाही त्याला. तेव्हा मी पाळण्यात होतो. माझी ताई आणि काकू, दोघींपैकी एकीचंच खरं असेल ना? मलाही माहीत होऊ दे.”

देवघरात पाट मांडला. कोमट पाण्याचं तपेलं आणलं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. मी पहिलं झबलं सोडवलं.

ते गेल्या वर्षीचं नायलॉनचं. त्याखाली टेरिकॉटचं, मग जरीकाठाचं. तिसऱ्या-चौथ्या झबल्यापाशी सासूबाईंनी एक डोळा उघडला. सहाव्या-सातव्याला त्या चालत पुढे आल्या. पंधरा-सोळा निघाल्यावर त्यांनी एकाला बोट लावलं.

“हे माझ्या लेकाच्या मुंजीच्या वर्षीचं,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या खणाचं शिवलं होतं.” आणि पुढची आठ-दहा निघाली तशा खालीच बसल्या. “अगं बाई, हा माझ्या लग्नातला शालू! मी शोध शोध शोधला होता ह्याचा तुकडा.” आता त्याच झबली सोडवत होत्या आणि मी घड्या घालत होते. शालूच्या खाली काकूंच्या हातची झबली लागली, मग आणखी जुनी, जाड टाक्यांची, हात लावला की विरणारी. पाटाजवळ ढीग साचत गेला आणि पोरगा रोडावत गेला. मान बारीक झाली, खांदे उतरले. पण ढेरी काही कमी होईना.

“खांदे आहेत,” मामंजी म्हणाले, “पण हात कुठे आहेत?”

हात नव्हतेच. शेवटचं झबलं राहिलं होतं तरी ते दिसत होतं. पोरगा म्हणजे कातीव लाकडाचा एक गोल ठोकळा होता. वर चेहरा रंगवलेला, मधे कंबर, खाली बैठक. ज्यानं तो कातला त्यानं हात केलेच नव्हते. सासूबाई त्या नसलेल्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

“पण मग मुलगी कुठे गेली?” त्या म्हणाल्या. “ती तर नाहीच ना. कुठे गेली ती?”

मी शेवटचं झबलं उचललं. लाल खणाचं होतं. त्याच्याखाली ढेरीवरून, पाठीवरून, पुन्हा ढेरीवरून एक चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची. पुढे गाठीवर गाठी मारलेल्या.

सासूबाईंनी नखानं गाठ ओढून पाहिली. “निघत नाही. कात्री आण.”

“कापू नको!”

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. चंपूआत्या मागच्या दाराशी उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे, चौकट दोन्ही हातांनी धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“तो माझा परकर आहे,” ती म्हणाली. “आईनं त्याची पट्टी फाडली होती. कापू नको. आईची गाठ आहे ती.”

आणि ती आत आली. सरळ येऊन पाटासमोर बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि गाठीवर वाकली. सासूबाईंचा हात मधे आला होता, तो त्यांनी मागे घेतला. आत्याची बोटं भाज्या चिरून काळी पडली होती, पण गाठी कशा सुटतात ते त्यांना माहीत होतं. एक सुटली, दुसरी सुटली. आत्या बोलत होती. आमच्याशी नाही, गाठीशी बोलल्यासारखी.

“माझी बाहुली फुटली. मग मी हट्ट धरला, मला देवीची मुलगी दे खेळायला. जेवले नाही, लोळण घेतली. आई म्हणाली, थांब तू. हिला आता भावाच्या पोटाशी बांधून टाकते, मग कोण नेते बघू. आणि तुझ्या बाहुलीचा हात जपून ठेवते, दिवाळीत नवं अंग शिवून देईन. मी फार रडले होते.”

चिंधी सुटली. ढेरी तिच्या तळहातावर उतरली.

बोटाएवढी मुलगी होती. तशीच कातीव, तशीच बिनहातांची. कपाळावर कुंकवाची रेघ, डोळे भावासारखेच वटारलेले. इतकी वर्षं झबल्यांत राहिल्यामुळे तिचा रंग भावापेक्षा ताजा होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जिच्यावर बोट टेकवून हसायच्या ती ही. दरवर्षी पेटीतून निघत होती, मखरात बसत होती, नैवेद्य घेत होती. कुणी फोडली नव्हती, कुणी नेली नव्हती. आम्हीच तिच्यावर झबली चढवत गेलो होतो.

मामंजी रडत होते. पुरुष माणसाला असं उघड रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. सासूबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, तपेल्यातलं पाणी हातावर घेऊन पाहिलं, गार झालं होतं म्हणून आणखी ऊन पाणी आणलं, आणि पाटाजवळ ठेवून म्हणाल्या, “वन्सं, तुम्हीच घाला दोघांना आंघोळ.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी झबलं एकच शिवलंय. मुलीचं शिवायला पाहिजे. माप घ्या.”

माफीचा शब्द त्यांनी त्या दिवशीही उच्चारला नाही आणि नंतरही नाही. आत्यानंही मागितला नाही. तिनं मागितलं ते वेगळंच. दोन्ही लेकरं पुसून झाल्यावर तिनं सासूबाईंसमोर तळहात पसरला.

“माझा हात कुठाय?”

“कोणता?”

“बाहुलीचा. तो माझा आहे. द्या.”

इतकी वर्षं जिच्यावर सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, जिच्यापुढे डोकं टेकलं, ती वस्तू एक म्हातारी होत आलेली बाई आपलं खेळणं म्हणून परत मागत होती, आणि मुळीच लाजत नव्हती. सासूबाईंनी हात उचलला. पदराचं टोक पाण्यात बुडवून त्यांनी तो चोळचोळून पुसला. बोटांच्या बेचक्यांतलं कुंकू काही केल्या निघेना, तेवढं तसंच राहिलं. मग त्यांनी तो आत्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानंतर आम्ही मुखवटे घेतले. पावलांवरून चालताना मी मागे होते, सासूबाई पुढे. मामंजी ताट असं बडवत होते, की शेजारचे बाहेर येऊन पाहायला लागले. दुसऱ्या दिवशी पूजेला आलेल्या बायकांनी बारीक झालेला मुलगा पाहून “आजारी होता की काय?” असं विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “नाही हो. बहीण उतरली कडेवरून.” आणि आत्याला हाक मारून पहिल्या पंगतीत देवीच्या समोरच्या पाटावर बसवलं. माहूरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. वळकटी बांधायला काढलेली दोरी मीच माळ्यावर टाकली.

आज ह्या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. पेटी आता माझ्या ताब्यात आहे. लेकरांना दरवर्षी आंघोळ असते आणि जुनी झबली काढूनच नवी घालतो.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे नागपूरला, माहेरी झालं. मुलगी झाली. बारशाला सासूबाई आणि चंपूआत्या दोघी आल्या. आत्यानं येताना एक कापडी बाहुली शिवून आणली होती, जुन्या झबल्यांच्या तुकड्यांची. तिचा एक हात कापडाचा होता आणि एक चिनी मातीचा, बेचक्यांत कुंकू असलेला. बाबांनी खाचेवरचा दोरा ओढून पाहिला आणि पसंतीची मान हलवली.

नाव ठेवायची वेळ झाली. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. सासूबाईंनी सहा महिन्यांपूर्वी अकोल्याची एक लांबची चुलत नणंद त्यासाठी ठरवून ठेवली होती. तिला निरोपच गेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंनी माझ्या आईच्या हातून बाळ घेतलं आणि जमलेल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आमच्या घरात आत्या एकच आहे.” मग बाळ चंपूआत्याच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं तरी सोडवेना. दुपट्याची कड त्यांच्या मुठीतच राहिली होती.

“नीट धरा हो, वन्सं,” त्या म्हणाल्या.

“धरते,” चंपूआत्या म्हणाली. “मी फक्त बाहुली फोडली होती.”

सासूबाईंनी दुपट्याची कड सोडली. आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेलं.